पहाटे पाचचा गजर राहू द्या, जेवणानंतरची दहा मिनिटं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम, दिवसातले नऊ तास खुर्चीवर. वडिलांना पन्नाशीत शुगर निघाली, मागोमाग बीपी. आपलीही गाडी त्याच रुळावर आहे का, ही धास्ती. पहाटे पाचला उठून कंबर तलावावर फिरायला जायचं तीनदा ठरवलं, पंधरा दिवसांपुढे एकदाही टिकलं नाही. आता जिम नको, डाएट नको, रोज निभतील अशा पाच सोप्या सवयी हव्यात. ज्वारी किती खावी, सकाळी लिंबू-मध घ्यावं का, हेही विचारलंय. आणि शेवटी कंसात एक ओळ: ‘व्यसन काही नाही, जेवणानंतर थोडी तंबाखू, तेवढीच.’

उत्तर त्या कंसापासूनच सुरू करतो, कारण तुमच्या अख्ख्या प्रश्नात सगळ्यात जड ओळ तीच आहे. बाकीच्या पाचही सवयी लावल्या आणि कंस तसाच ठेवला, तर पुढच्या वीस वर्षांच्या हिशेबात फार फरक पडत नाही. दोन वेळची ‘थोडी’ म्हणजे वर्षाला सातशेवर चिमटी, आणि प्रत्येक चिमूट गालात एकाच जागी दहा-पंधरा मिनिटं. चुना लावल्यामुळे निकोटिन लवकर शोषलं जातं, म्हणून तर तो लावतात. तोच चुना तोंडाचं अस्तर सोलतोही. निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवतं. ज्याच्या घरात बीपी आहे त्याला हे रोज दोनदा परवडणारं नाही. तंबाखू सोडून नुसती सुपारी धरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की ती तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे. घरात आई किंवा काकू दातांना मिश्री लावत असतील तर तीही तंबाखूच. बाई दात घासतेय एवढंच समजून घरात त्याकडे कोणी बघत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता खरा प्रश्न. पहाटेचं फिरणं पंधरा दिवसांत सुटलं आणि जेवणानंतरची तंबाखू वर्षानुवर्षं एकदाही चुकली नाही, असं का? तुम्ही आळशी आहात म्हणून नाही. ताट बाजूला सारलं की हात आपोआप खिशातल्या पुडीकडे जातो. आठवण करून द्यायला गजर लागत नाही, जेवणच आठवण करून देतं. पहाटे पाचला मात्र शरीराच्या वेळापत्रकात काहीच नव्हतं, तिथे तुम्ही नुसत्या निश्चयावर उभे होता. शिवाय तुम्हीच लिहिलंय की रात्रीचं जेवण दहाला होतं आणि झोपायला बारा वाजतात. बारा ते पाच म्हणजे पाच तास झोप, आणि मोठ्या माणसाला सात तरी लागतात. म्हणजे ते फिरणं झोपेतून कापून आणलेलं होतं. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोड-तेलकटाकडे मन ओढतं, चिडचिड होते, बीपीही वर राहतं. शरीराने पंधराव्या दिवशी आपली उधारी वसूल केली, इतकंच.

म्हणून नवी सवय रिकाम्या वेळेत रुजवायला जाऊ नका. जुनी जिथे बसली आहे तिला उठवा आणि त्याच जागेवर नवी बसवा. तुमची ती जागा तयारच आहे: दोन्ही जेवणांनंतरची दहा मिनिटं.

करायचं असं. जेवण झालं, चूळ भरली की पंधरा मिनिटांच्या आत चालायला लागायचं. दुपारी दहा मिनिटं, रात्री पंधरा. पहिली चार-पाच मिनिटं सावकाश, नंतर असा वेग की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्यातले सहा दिवस हे केलं की १५० मिनिटं होतात. मोठ्या माणसाने आठवड्याला निदान इतकी तरी मध्यम मेहनतीची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फायदा वेळेतही आहे. जेवणानंतर रक्तात साखर चढत असते. नेमक्या त्याच वेळी मांड्या-पोटऱ्या कामाला लावल्या की ते स्नायू ती साखर थेट ओढून घेतात, इन्सुलिनवरचा भार कमी होतो. ज्याच्या वडिलांना शुगर आहे त्याला ही पंचवीस मिनिटं सकाळच्या तेवढ्याच मिनिटांपेक्षा जास्त उपयोगाची.

हे कुठे फसतं? दुपारी एकला, एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत, रस्त्यावर. बाहेर जाऊच नका. कारखान्यात गाठी रचलेल्या असतात त्यांच्या रांगांमधली वाट पुरते, नाहीतर पॅसेजमध्ये येरझारा घाला. रात्री कुत्र्यांची भीती असेल तर गच्ची. आणि सगळ्यात जास्त फसतं ते ‘दोन मिनिटं टेकतो, मग निघतो’ इथे. टेकलात की मोबाइल हातात येतो आणि विषय संपतो. चप्पल जेवायच्या जागेजवळ काढून ठेवा, ताट उचललं की थेट पायात.

एक अट आहे. चालताना छातीत दाब आला, जबड्याकडे किंवा हाताकडे कळ गेली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर थांबायचं. दोन मिनिटांत बरं वाटलं तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं, आणि थांबूनही कळ राहिली तर तसंच थेट दवाखान्यात. ‘गॅस असेल’ म्हणत सोडा पिऊन वेळ काढू नका.

तंबाखूची तलफ याच दहा मिनिटांत येणार आहे. ती साधारण पाच-दहा मिनिटं टिकते आणि ओसरते. ती अडवायची नसते, टाळत न्यायची असते, आणि चालणं त्यासाठी बरं. खिशात पुडीच्या जागी बडीशेप किंवा दोन लवंगा ठेवा, सुपारी नको. सोडायची तारीख पुढच्या दोन आठवड्यांतली ठरवा, आणि ती लग्नसराईत किंवा वर्षअखेरीच्या हिशेबात ठेवू नका. त्या दिवशी पुडी, डबी, चुन्याची डबी, टेबलाच्या खणातला साठा, सगळं बाहेर. पहिले तीन-चार दिवस डोकं भणभणतं, पोट साफ होत नाही, राग नाकावर असतो. दोन आठवड्यांत हे बरंच निवतं. जमत नसेल तर मेडिकलमध्ये २ मिलिग्रॅमची निकोटिनची गोळी मिळते, च्युइंगमसारखी. पण ती च्युइंगमसारखी सलग चघळली की उचक्या लागतात, घसा जळतो, आणि लोक ‘मला सोसत नाही’ म्हणून फेकून देतात. ती चार-सहा वेळा चावायची, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, चव गेली की पुन्हा चावायची. अर्ध्या तासाने टाकून द्यायची. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा नको, नाहीतर औषध शोषलंच जात नाही. हृदयाचा त्रास आधीपासून असेल तर विचारूनच. तंबाखूच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. तो सरकारचा मोफत मदतीचा आहे, बोलून बघा.

आज रात्रीच आरसा आणि टॉर्च घेऊन तोंड बघा. गालाच्या आत, जिभेच्या कडा, जिभेखाली, जिथे तंबाखू ठेवता ती जागा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, तिखट लागताच होणारी आग, यातलं काहीही दिसलं तर दातांच्या डॉक्टरांकडे. तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघा. ती जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय, थांबू नका.

आता जेवण. ज्वारीची भाकरी चांगलीच, तंतू भरपूर, पोट भरल्यासारखं राहतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, पण मानांकन दाण्याला आहे, चौथ्या भाकरीला नाही. १०० ग्रॅम पिठात साधारण ३३० कॅलरी असतात, म्हणजे गव्हाच्या आसपासच. ‘ज्वारी आहे, शुगर वाढत नाही’ असं समजून चार-चार भाकऱ्या खाणाऱ्यांचे रिपोर्ट बघितले की हा गैरसमज किती महाग पडतो ते कळतं. साखर वाढते, फक्त जरा सावकाश. कडक भाकरी तर आणखी फसवी. हाताला हलकी लागते, मोडत मोडत चटणीबरोबर किती गेल्या कळत नाही. घरात वजनकाटा असेल तर एकदा एका भाकरीचं पीठ मोजून घ्या. कोणाकडे ते ५० ग्रॅम निघतं, कोणाकडे ९०. ‘दोन भाकऱ्या’ हा आकडा त्यानंतरच कामाचा.

तुमच्यासारख्या ७० किलोच्या बैठ्या माणसाचं ताट मी असं मांडेन: ६० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या, घट्ट आमटी किंवा मटकी-हुलग्याची उसळ एक मोठी वाटी (कोरडं कडधान्य ३० ग्रॅम), मेथी, शेपू, चुका, अंबाडी यातलं जे मिळेल त्याची भाजी दोन वाट्या, एक वाटी दही, सोबत काकडी-कांदा आणि दोन चमचे शेंगा चटणी. भाकरीतून १२, उसळीतून ७, दह्यातून ५, चटणीतून चारेक, असं मिळून २८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. तुम्हाला दिवसाला लागतात साधारण ५८, म्हणजे एका ताटात जवळपास अर्धी. आपल्याकडे ताट बिघडतं ते उलट प्रमाणामुळे: भाकरी चार, आमटी पाण्यासारखी, भाजी चवीपुरती. क्रमही बदलून बघा. काकडी, भाजी, उसळ थोडी आधी खा, भाकरी त्यानंतर. पोट आधी भरतं आणि साखरही सावकाश चढते.

शेंगा चटणीबद्दल कोणी वाईट बोललं तर सोलापुरात टिकणार नाही, आणि मला बोलायचंही नाही. शेंगदाण्यात प्रथिनं चांगली, चरबीही बहुतेक बरी. पण निम्म्याच्या आसपास वजन तेलाचंच असतं. भाजीत कूट, आमटीत कूट, वर चटणी, चटणीवर पुन्हा तेल, असं झालं की हिशेब सुटतो. एका माणसाला दिवसाला मूठभर, ३० ग्रॅमपर्यंत शेंगदाणे, कूट धरून, पुरे.

मीठ-तेलाचं मोजमाप चमच्याने होत नाही, कोणी करतही नाही. पुडा फोडला की त्यावर पेनाने तारीख लिहा. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चौघांच्या घरात एक किलोचा पुडा ५० दिवस चालायला हवा. ३० दिवसांत संपला तर माणशी आठ ग्रॅमच्या वर जातंय, आणि यात बाहेरचं फरसाण धरलेलंच नाही. तेल चौघांना महिन्याला तीन लिटर, फार तर साडेतीन. कमी करताना एकदम निम्मं करू नका. आमटी अळणी झाली की घरातलं वातावरण बिघडतं आणि आठवड्यात सगळं मूळ पदावर येतं. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं कमी करत चला, जिभेला कळतही नाही. लोणचं-पापड एका वेळी एकच.

संध्याकाळचे सहा ही तुमची दुसरी कमजोर जागा. दुपारी एकला जेवलेलं माणूस सहाला भुकेजतं, टपरीवर वडा नाहीतर भजी आणि गोड चहा होतो, मग रात्री दहाला पूर्ण ताट, आणि त्यावर झोप. शिफ्टमुळे जेवण अलीकडे आणता येत नसेल तर ते दोन तुकड्यांत वाटा. सकाळी डबा भरताना एक भाकरी आणि कोरडी उसळ वेगळ्या डब्यात घ्या, ती सहा-साडेसहाला खा. थंडीत हुरडा मिळाला तर उत्तमच, फक्त सोबतच्या शेवेकडे लक्ष असू द्या. रात्री मग एकच भाकरी, भाजी, ताक. हा एक बदल केला की रात्रीची जळजळ, सकाळी भूक नसणं आणि झोपेची बोंब, तिन्ही बरीच कमी होतात.

चहा. पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. २५ च्या आत असली तर बरं. पाचाचे तीन कप करा आणि दर आठवड्याला कपामागे पाव चमचा साखर कमी. शेवटचा चहा पाचच्या आत, नाहीतर बाराची झोप बाराचीच राहील. जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. तुमच्यापेक्षा घरातल्या बायकांना हे जास्त लागू, तासभर अंतर ठेवा. उन्हाळ्यातलं थंड पेय म्हणजे ३०० मिलिलिटरला ३० ग्रॅमच्या वर साखर. तहानेला पाणी, नाहीतर पातळ ताक. पाणी किती लिटर प्यावं याला एकच आकडा नाही. लघवी फिकट पिवळी राहील इतकं प्या. किडनी किंवा हृदयाचा आजार असलेल्यांना हा नियम लागू नाही, त्यांनी डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच प्यावं.

ताकदीचं काम आठवड्यातून दोन दिवस: हात न टेकता खुर्चीतून उठ-बस १० वेळा, भिंतीला हात टेकून जोर १०, दोन्ही तीनदा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. ज्या भागात नळाला रोज पाणी येत नाही तिथे पाण्याच्या दिवशी बादल्या जिन्याने चढवणं हा व्यायामच, पण तोही दोन्ही हातांत सारख्या वजनाने. आणि साठवलेली पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा, डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून राहतात.

क्रम असा ठेवा: पहिले दोन आठवडे फक्त जेवणानंतरचं चालणं, आणि त्यांच्या शेवटी तंबाखूची तारीख. तिसऱ्या आठवड्यात सहाचा डबा. महिन्याने चहा. मीठ-तेलाच्या पुड्यावर तारीख मात्र आजच लिहा, त्याला मेहनत नाही.

सुरुवातीला मोजून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी फरक कळणार नाही. कापडाच्या गावात दोरा शोधावा लागत नाही: आपल्या उंचीएवढा सुती दोरा कापा, दुमडून निम्मा करा, बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती फिरवा. टोकं जुळत नसतील तर पोटावरची चरबी जास्त आहे, वजन काटा काहीही म्हणो. वडिलांना पन्नाशीत शुगर होती, म्हणून उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) आत्ताच करा. उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४, म्हणजे शुगरचा उंबरठा, आणि वर लिहिलेल्या सवयी सगळ्यात जास्त कामाच्या आहेत त्या याच टप्प्यावर. त्यापुढचे आकडे आले तर डॉक्टर ठरवतील, सवयींवर विसंबून औषध टाळू नका. तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी-शुगरची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते.

बीपी घरी मोजत असाल तर पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, दंड छातीच्या पातळीवर टेबलावर टेकवलेला. आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन आलेलं, मोजताना बोलायचं नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. बाहीवर पट्टा बांधून किंवा जिना चढून आल्या आल्या मोजलेलं बीपी घाबरवतं, बाकी काही सांगत नाही.

लिंबू-मधाचं पाणी आवडत असेल तर लिंबू घ्या, मध म्हणजे साखरच. त्याने चरबी विरघळत नाही.

वडिलांना रात्रीच्या फिरण्यात सोबत घेणार असाल तर एक सांगून ठेवतो. ते इन्सुलिन किंवा शुगरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील तर चालण्याने साखर जास्त खाली जाऊ शकते. आधी त्यांच्या डॉक्टरांना कळवा. खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, बोलणं भरकटलं तर तिथेच बसवून ती पाण्यात विरघळवून द्या, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघा. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.